प्रिन्स नसीम: नाव मोठं, पण लक्षण खोटं होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्वदच्या दशकातला ब्रिटिश बॉक्सर प्रिन्स नसीम हमीद याच्या जुन्या लढतींचे तुकडे मोबाइलवर बघून तुमचा धाकटा भाऊ त्याचा भक्त झालाय आणि स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) हात खाली सोडून नाचायला लागलाय. त्याचे सर म्हणतात, हमीद नुसता नाटकी होता, पहिला खरा बॉक्सर समोर आला आणि फुगा फुटला. खरं कोण, हे तुम्हाला हवंय. मी मुलांना बॉक्सिंग शिकवतो आणि स्पर्धांमध्ये पंच म्हणूनही बसतो, त्यामुळे उत्तर त्याच दोन नजरांनी देतो.

मत आधीच सांगून टाकतो. बॉक्सर म्हणून हमीद त्याच्याभोवतीच्या गाजावाजाला पुरून उरणारा होता. कारकीर्द म्हणून बघाल तर ती अर्धीच आहे. ती अर्धी राहिली याचं खापर लोक मेक्सिकोच्या मार्को अन्तोनिओ बारेराकडून २००१ मध्ये झालेल्या पराभवावर फोडतात, ते मला पटत नाही. हरतात सगळेच. हरल्यानंतरच्या वर्षात तो काय करतो यावर मोठा बॉक्सर ठरतो, आणि हमीदच्या बाबतीत ते पान जवळजवळ कोरं आहे.

आता सविस्तर.

शेफिल्ड हे इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. येमेनमधून आलेली बरीच माणसं तिथल्या भट्ट्यांवर राबली. हमीद अशाच येमेनी कुटुंबातला, जन्म १२ फेब्रुवारी १९७४. घरच्यांचं छोटं दुकान होतं आणि त्याच विंकोबँक भागात, चर्चच्या एका जुन्या हॉलमध्ये, डब्लिनहून आलेले ब्रेंडन इंगल पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. सात वर्षांचा असताना हमीद तिथे गेला आणि पुढची सतरा-अठरा वर्षं तिथलाच होऊन राहिला. या हॉलबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण हमीदच्या खेळात जे काही ‘नाटक’ दिसतं त्यातलं निम्मं त्या फरशीवर तयार झालंय.

इंगल यांनी जिमच्या जमिनीवर रेषा रंगवून घेतल्या होत्या. पोरं तासन्‌तास त्या रेषांवर पावलं टाकायची. एकदा डावा पाय पुढे, एकदा उजवा, वळून, मागे, तिरकं, आणि प्रत्येक पावलाबरोबर ठोसा. त्यामुळे त्या जिममधून बाहेर पडणारा मुलगा डावखुरा आहे की उजवा हेच समोरच्याला कळेनासं व्हायचं. दुसरी गोष्ट म्हणजे तिथलं स्पारिंग. डोक्यावर मारायचं नाही, फक्त अंगावर. त्यामुळे लहान-मोठे, हलके-जड, शिकाऊ आणि व्यावसायिक सगळे एकमेकांबरोबर रोज खेळू शकायचे. वर्षानुवर्षं असं खेळल्यावर अंतराचा अंदाज डोळ्यांत बसतो. ठोसा आपल्यापर्यंत पोचणार की दोन बोटं अलीकडे थांबणार हे विचार न करता कळतं. मग हात वर ठेवायची गरज वाटत नाही, कंबरेतून मागे झुकलं की झालं.

पण याच पद्धतीत एक भोकही आहे. डोक्यावर ठोसे येतच नसतील, तर अंदाज चुकला त्या दिवशी काय करायचं याची सवय लागत नाही. हमीदच्या आधी इंगल यांचा सर्वांत हुशार चेला हेरॉल ग्रॅहम होता. १९९० साली स्पेनमध्ये जागतिक मिडलवेट किताबासाठी त्याने ज्युलियन जॅक्सनला अक्षरशः खेळवलं. जॅक्सनचा डोळा सुजून बंद व्हायला आला होता. चौथ्या राउंडमध्ये जॅक्सनचा एक उजवा बसला आणि ग्रॅहम जमिनीवर पडायच्या आधीच बेशुद्ध होता. तोच वारसा हमीदकडे आला, फरक एवढाच की हमीदकडे ग्रॅहमपेक्षा फार मोठी ताकद होती.

ही ताकद कुठून यायची हे मला अजूनही शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत रंजक वाटतं. तो जेमतेम सव्वापाच फुटांचा. फेदरवेट म्हणजे १२६ पौंड, साधारण ५७ किलो. पण पाय रुंद टाकून, गुडघे वाकवून तो असा बसायचा की ठोसा मारताना संपूर्ण शरीर स्प्रिंगसारखं उघडायचं. डावा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, तर तो कधीकधी उडी मारतच घालायचा. आणि हात खाली असल्याने ठोसा मांडीजवळून, नजरेच्या खालून यायचा. बॉक्सरला सवय असते खांद्याजवळून येणारा हात बघायची. हा कुठून निघाला हेच समोरच्याला दिसायचं नाही. म्हणून त्याचे प्रतिस्पर्धी पडल्यावर बऱ्याचदा चेहऱ्यावर वेदनेपेक्षा गोंधळ जास्त दिसतो. ३६ विजयांपैकी ३१ नॉकआउट, तेही ५७ किलोच्या वजनात. छोट्या वजनात हे प्रमाण विरळाच.

‘पण तो मारायचा कुणाला?’ हा तुमच्या भावाच्या सरांचा खरा आक्षेप असणार. तर यादी बघू.

मे १९९४ मध्ये, विशीत, त्याने इटलीच्या विन्चेन्झो बेलकास्त्रोला हरवून युरोपियन बँटमवेट (फेदरवेटहून हलकं वजन) किताब घेतला. त्या लढतीत त्याने समोरच्याला इतकं चिडवलं की स्वतःच्या शहरातसुद्धा लोकांनी नाकं मुरडली. सप्टेंबर १९९५ मध्ये कार्डिफला, पावसात, हजारो वेल्श प्रेक्षकांच्या शिव्या खात त्याने स्टीव्ह रॉबिन्सनकडून डब्ल्यूबीओचा फेदरवेट किताब घेतला (डब्ल्यूबीओ, आयबीएफ, डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी या जागतिक किताब देणाऱ्या चार मोठ्या संघटना). रॉबिन्सन काही लेचापेचा नव्हता, त्याने तो किताब सात वेळा राखला होता. आठव्या राउंडमध्ये रेफरींनी लढत थांबवली. हमीद तेव्हा २१ वर्षांचा होता आणि वरच्या वजनात आलेला होता. ती लढत आजही बघितली की वाटतं, एवढा पूर्ण खेळ त्याने नंतर क्वचितच दाखवला.

फेब्रुवारी १९९७ मध्ये लंडनला टॉम जॉन्सन. हा आयबीएफचा चॅम्पियन, अकरा वेळा किताब राखलेला अमेरिकन. हमीदलाही मार बसला, पण आठव्या राउंडमध्ये जॉन्सन झोपला. एप्रिल १९९८ मध्ये मँचेस्टरला पोर्तो रिकोचा विल्फ्रेडो वाझ्केझ, तीन वेगवेगळ्या वजनांत जग जिंकलेला माणूस. तो डब्ल्यूबीएचा चॅम्पियन होता, पण हमीदशी लढतोय म्हणून संघटनेने लढतीआधीच त्याचा किताब काढून घेतला. सातव्या राउंडमध्ये संपला. इथे सरांच्या बाजूने एक मुद्दा मान्य करतो: वाझ्केझ तेव्हा ३७ वर्षांचा होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये डेट्रॉइटला सेसार सोतोकडून डब्ल्यूबीसीचा किताब. ही लढत इतकी कुरूप झाली, ढकलाढकली, पकडापकडी, एकदा तर सरळ उचलून आपटणं, की तिच्यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

म्हणजे चारही मोठ्या संघटनांच्या चॅम्पियनना त्याने हरवलं. चारही पट्टे एका वेळी खांद्यावर कधी आले नाहीत, कारण संघटनांना एकमेकींचं तोंड बघायचं नव्हतं आणि एक पट्टा आला की दुसरा सोडावा लागायचा. यात मेदिना, केली, मॅककला, बुंगू अशी माजी चॅम्पियन मंडळी धरा. पॉल इंगलला त्याने एप्रिल १९९९ मध्ये थांबवलं (प्रशिक्षक इंगल यांच्याशी त्याचं काही नातं नाही), तोच पॉल त्याच वर्षी पुढे आयबीएफचा चॅम्पियन झाला. डब्ल्यूबीओ किताब हमीदने पंधरा वेळा राखला. हे कोणत्याही मोजपट्टीवर ‘नुसता नाटकी’ माणसाचं काम नाही.

मग नाटक कुठे होतं? भरपूर होतं. बिबट्याच्या नक्षीची शॉर्ट्स, दोरीवरून कोलांटी मारून रिंगमध्ये उतरणं, स्वतःच्या तोंडाने स्वतःला दंतकथा म्हणवणं. १९९७ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो पडद्यामागे सावलीचा नाच करत राहिला आणि केव्हिन केली रिंगमध्ये वाट बघत उभा. १९९८ ला अटलांटिक सिटीत, नेमक्या हॅलोविनच्या रात्री, स्मशानाच्या देखाव्यातून प्रवेश. २००० साली लंडनमध्ये उडत्या गालिच्यावरून. प्रवर्तक फ्रँक वॉरन आणि टीव्हीवाल्यांना हे हवंच होतं. (आपल्या विजेंदरने २०१५ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंग सुरू केलं ते याच वॉरन घराण्याच्या क्वीन्सबेरी कंपनीकडून, आणि पहिली लढतही मँचेस्टरलाच.) मला स्वतःला या प्रवेशांचा कंटाळा यायचा, पण त्यांचा एक परिणाम नाकारता येत नाही. त्याआधी अमेरिकेत ५७ किलोचे बॉक्सर म्हणजे हेवीवेट लढतीच्या आधी वेळ भरायला ठेवलेली मंडळी. हमीदमुळे फेदरवेटची लढत रात्रीची मुख्य लढत झाली आणि त्या वजनात पूर्वी न ऐकलेले पैसे आले. त्याच्या नंतर आलेल्या मेक्सिकन आणि फिलिपिनो छोट्या बॉक्सरांसाठी दार थोडं त्यानेही उघडून ठेवलं होतं.

केलीची लढत मात्र नीट बघा, कारण उत्तराचा निम्मा भाग तिच्यात आहे. चार राउंडसुद्धा पूर्ण झाले नाहीत आणि दोघे मिळून सहा वेळा जमिनीवर गेले, प्रत्येकी तीन वेळा. लोकांना ती थरारक वाटली, आणि होतीच. पण प्रशिक्षकाच्या नजरेने बघाल तर हमीद तीनही वेळा एकाच प्रकाराने अडचणीत आला: हनुवटी वर, हात खाली, पाय एका रेषेत, सरळ मागे झुकलेला. रेषांवर शिकलेली पावलं कुठेच नाहीत. केलीही त्याच्यासारखाच डावखुरा होता, तेही एक कारण. तरी तो जिंकला, कारण उठल्यावर त्याच्या हातात अजून तो एक ठोसा होता. आणि एकदा ठोशाने वाचायची सवय लागली की पावलांचा सराव माणसाला फुकटचा वाटायला लागतो. ज्या मल्लाची एका डावावर सगळी मैदानं निघतात तो हळूहळू बाकीचे डाव घोटायचं सोडतो, तसंच हे.

१९९८ च्या ऑक्टोबरमध्ये वेन मॅककलाने हे जगाला दाखवलं. बार्सिलोना ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता, हनुवटी पोलादी. बारा राउंड ठोसे खात तो पुढे येत राहिला आणि पडला नाही. हमीद गुणांवर आरामात जिंकला, पण ठोसा लागू पडला नाही तर त्याच्याकडे दुसरी योजना नसते, हे त्या रात्री दिसलं. याच सुमारास इंगल यांच्याशी त्याचं फाटलं. पैशाचा वाद होता आणि एकमेकांबद्दल बोललं गेलेलंही होतं. जे लहानपणापासून वडिलांच्या जागी होते त्यांच्याशी तो पुढे नीट बोललाच नाही, आणि २०१८ मध्ये इंगल गेले.

यानंतर त्याच्या कोपऱ्यात ऑस्कर सुआरेझ आले, इमॅन्युएल स्टुअर्ड आले. स्टुअर्ड म्हणजे डेट्रॉइटच्या क्रॉन्क जिमचे, टॉमी हर्न्सला घडवणारे. त्यांची विद्या वेगळी: उंच उभा राहा, लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मग उजवा हात. सव्वापाच फुटी, डावखुऱ्या, वाकड्या चालीच्या बॉक्सरला ती शिकवायला वर्षं लागली असती, आणि हमीदकडे शिकायची तयारीही उरली नव्हती. ऑगस्ट २००० मध्ये ऑगी सांचेझविरुद्ध तो जिंकला, पण त्याआधी चांगलाच हादरला होता आणि हातालाही दुखापत झाली. म्हणजे एप्रिल २००१ ला लास व्हेगासमध्ये बारेरासमोर उभा राहिलेला हमीद हा कार्डिफचा हमीद नव्हताच. हे मी सबब म्हणून सांगत नाही. घसरण त्याने स्वतः ओढवून घेतली होती आणि ती झाकायला तेच प्रवेश, तेच संगीत कामाला आलं. गाजावाजाने त्याचं खरं नुकसान केलं ते इथे.

आता बारेरा. लोकांची अपेक्षा होती की तो नेहमीसारखा चालून येईल आणि चालून येणारे सगळे हमीदच्या डाव्या हातावर येऊन आदळतात. बारेराने नेमकं उलटं केलं. तो स्वतःच्या डावीकडे, म्हणजे हमीदच्या डाव्या हातापासून लांब, फिरत राहिला. पुढचं पाऊल हमीदच्या पुढच्या पावलाच्या बाहेर. घाई नाही. हमीद झेपावला की अर्धं पाऊल मागे, आणि तो परत उभा राहायच्या आत डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) किंवा सरळ उजवा. डावखुऱ्याविरुद्ध हे पहिल्या वर्षातच शिकवतात, यात काही जादू नाही. पण बारा राउंड, हमीदच्या ठोशाच्या टप्प्यात राहून, एकदाही न विसरता ते करणं फार कठीण आहे. पहिल्याच राउंडमध्ये बारेराचा डावा हूक बसला आणि हमीदच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

गुणपत्रिका लोक नीट वाचत नाहीत म्हणून सांगतो. प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला सहसा ९. दोन पंचांनी ११५-११२ दिले, तिसऱ्याने ११६-१११. बाराव्या राउंडमध्ये बारेराने हमीदचं डोकं पकडून कोपऱ्याच्या गादीवर आपटलं म्हणून रेफरी जो कॉर्टेझ यांनी त्याचा एक गुण कापला होता. तो परत मिळवून हिशेब केला तर दोघांच्या मते राउंड ८-४ आणि तिसऱ्याच्या मते ९-३. मी पंचाच्या सवयीने बघतो तेव्हा हमीदला तीन-चार राउंडच देता येतात. आणि तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: सबंध लढतीत तो पडला नाही, पळाला नाही, शेवटपर्यंत तो एक ठोसा शोधत राहिला. नाटकी माणसं मार खायला लागल्यावर दुखापत दाखवून स्टुलावर बसून राहतात.

इथपर्यंत मी त्याचा वकीलच आहे. पुढे नाही.

कारण बारेराच आधी तीन वेळा हरून आला होता. १९९६ च्या शेवटी ज्युनियर जोन्सने त्याला पाडलं, १९९७ मध्ये पुन्हा हरवलं. तेव्हा लोकांनी त्यालाही संपलेला म्हटलं होतं. तो परत गेला, खेळ बदलला, २००० मध्ये एरिक मोरालेसविरुद्ध अशी लढत दिली की ती हरूनही त्याचं नाव वाढलं. हमीदसमोर दिसलेला तो शांत, मोजून मापून खेळणारा बारेरा त्या पराभवांतून तयार झाला होता. २००३ मध्ये मॅनी पॅक्याओने त्याला अकराव्या राउंडमध्ये थांबवलं, तरी पुढच्या वर्षी तो मोरालेसला तिसऱ्यांदा भेटला आणि जिंकला.

हमीदने काय केलं? जवळपास तेरा महिने काहीच नाही. मग मे २००२ मध्ये लंडनला स्पेनच्या मॅन्युएल काल्वोविरुद्ध बारा राउंड, इतके बेचव की स्वतःच्याच देशात ज्याच्यासाठी लोक रांगा लावायचे त्याला प्रेक्षकांनी हुर्यो दिली. जिंकला. आणि पुन्हा रिंगमध्ये आला नाही. वय २८. हातांची दुखणी होती, पैसा भरपूर होता, घरसंसार होता. माणूस म्हणून हे समजण्यासारखं आहे आणि तब्येत शाबूत ठेवून बाहेर पडला याचं मला कौतुकही आहे. पण आपण वारशाबद्दल बोलतोय. बारेराशी दुसरी लढत झाली नाही. मोरालेस फेदरवेटला आला होता, त्याच्याशी नाही. हुआन मॅन्युएल मार्केस तर डब्ल्यूबीओच्या यादीत आव्हानवीर म्हणून बराच काळ ताटकळत होता, त्याच्याशीही नाही. हे तिघे त्या काळचे खरे फेदरवेट. त्यातल्या एकाशीच हमीद लढला आणि हरला. हा हिशेब कुठल्याही भक्ताला टाळता येत नाही.

साल्वादोर सांचेझचं उदाहरण मी नेहमी देतो. मेक्सिकोचा हा फेदरवेट ऑगस्ट १९८२ मध्ये मोटार अपघातात गेला तेव्हा फक्त २३ वर्षांचा होता. ४६ लढती, एक पराभव, एक बरोबरी. म्हणजे हमीदपेक्षा कमी वय, कारकीर्द तशीच तुटलेली. पण त्याने डॅनी लोपेझला दोनदा, तोवर अजिंक्य असलेल्या विल्फ्रेडो गोमेझला आणि मरणाच्या तीन आठवडे आधी तरुण आझुमा नेल्सनला थांबवलं होतं. शेवटचे दोघे पुढे बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, लोपेझही गेला. त्यामुळे विली पेप, सँडी सॅडलर या जुन्या महान फेदरवेटच्या ओळीत सांचेझला बसवताना कुणी अडखळत नाही. हमीद त्या ओळीत नाही. त्याच्या खालच्या ओळीत मात्र तो हक्काने बसतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॅनास्टोटाच्या त्याच हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं तेव्हा काहींनी नाकं मुरडली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, उशीरच झाला होता.

उशीर होण्यामागे रिंगबाहेरचंही कारण असावं असं मला वाटतं. २००५ मध्ये शेफिल्डला त्याच्या भरधाव गाडीने अपघात झाला, दुसऱ्या गाडीतला माणूस गंभीर जखमी झाला. २००६ मध्ये हमीदला १५ महिन्यांची शिक्षा झाली आणि एमबीई हा ब्रिटिश सन्मान परत घेतला गेला. तो हिशेब कोर्टाने केला, बॉक्सिंगच्या गुणपत्रिकेत मी तो मिसळत नाही.

वारशाचा आणखी एक भाग आकड्यांत येत नाही. नव्वदच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये मुसलमान, अरबी नावाचा, कामगार वस्तीतला मुलगा शनिवारच्या रात्री सगळ्या देशाला टीव्हीसमोर बसवतो, रिंगमध्ये अल्लाचं नाव घेतो आणि वर उर्मट वागतो, हे तिथे कधी घडलं नव्हतं. येमेनने त्याचं चित्र टपाल तिकिटावर छापलं. लोकांना तो आवडायचा किंवा तो हरताना बघायचा असायचा, दोन्हींसाठी तिकीट सारखंच लागायचं. बॉक्सिंगमध्ये त्याची नक्कल करणारे पुढे शेकडो झाले, पण त्यांनी उचलली ती कोलांटी. रेषांवरची पावलं उचलणारे फार थोडे.

आणि म्हणून तुमच्या भावाबद्दल. सरांना सांगा की ते निकालात चुकताहेत, पण त्याला हात वर घ्यायला लावताहेत यात काहीही चुकत नाही. एक म्हणजे तो ॲमॅच्युअर आहे: तीन राउंड, बाजूला बसलेले पंच स्वच्छ ठोसे मोजतात, आणि हात खाली ठेवून खाल्लेला प्रत्येक जॅब गुणपत्रिकेत जातो. दुसरं, हमीदने हात खाली सोडले ते दहा वर्षं पावलं घोटल्यानंतर. तुमच्या भावाने तीन महिन्यांत सोडलेत. त्याला खरंच हमीदसारखं व्हायचं असेल तर जिमच्या फरशीवर खडूने दोन रेषा मारा आणि रोज अर्धा तास त्यावर पावलं टाकायला लावा, गार्ड वर ठेवून, दोन्ही बाजूंनी. कंटाळून सोडतो की टिकतो ते महिन्याभरात कळेल. आणि डोक्यावरचं स्पारिंग सर ठरवतील तेव्हाच, हेडगार्ड घालून.

मोबाइलवरचे तुकडे बंद करून त्याला तीन लढती सलग, पूर्ण दाखवा. आधी १९९५ ची रॉबिन्सन, मग १९९७ ची केली, मग २००१ ची बारेरा. पहिल्या दोन लढतींत फक्त हमीदचे पाय बघायला सांगा. तिसरी आवाज बंद करून लावा आणि तिच्यात हमीदकडे बघूच नका, बारेराचा डावा पाय प्रत्येक वेळी कुठे पडतो तेवढंच बघा.